डोळ्यातला हर्पिस पुन्हा उठलाय आणि या वेळी औषध लागू पडेना

शेवंता
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, आज लिहायची वेळ आली.

मी ४३ वर्षांची, साताऱ्याजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. २०१६ मध्ये पहिल्यांदा डावा डोळा लाल झाला. पाणी वाहायचं, उजेडाकडे बघवायचं नाही. घरात सगळ्यांना वाटलं डोळे आलेत. चार दिवस गुलाबपाणी घातलं, मग डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं की बुबुळावर हर्पिस झालाय. तेव्हापासून आत्ताचं धरून पाच वेळा उठलाय, दर वेळी त्याच डोळ्यात. आधीच्या चारही वेळा असायक्लोव्हिरचं डोळ्यात घालायचं मलम दिवसातून पाचदा घातलं की दहा-बारा दिवसांत डोळा साफ व्हायचा.

चौथ्या वेळेनंतर डॉक्टरांनी त्याच औषधाची गोळी कायमची लावली, ४०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. चौदा महिने एकही दिवस चुकवलेली नाही. शाळेच्या सहलीला गेले तरी पर्समध्ये गोळ्यांची पट्टी असायची. तरी दिवाळीनंतर जखम झालीच. मलम सुरू केलं, गोळी दिवसातून पाच वेळा केली. आज एकविसावा दिवस. जखम आहे तिथेच आहे. परवा डॉक्टर म्हणाले, "विषाणू औषधाला सरावलाय बहुतेक." एवढं म्हणेपर्यंत पुढचा पेशंट आत आला.

विषाणू औषधाला सरावतो म्हणजे नक्की काय होतं? माझ्यासारख्या धडधाकट माणसात असं होतं का? आणि तसं असेल तर पुढे काय उरतं? कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा. रात्री झोप लागत नाही.

भटक्या
शेवंताताई, एवढं मोबाईलवर टाईप करू नका हो. बोलून लिहिता येतं आता, डोळ्याला तेवढीच विश्रांती. जाणकार येतीलच, मी धागा वर ठेवतो.

मावशीबाई
अगं, माझ्या आजेसासूबाईंना कपाळावर नागीण उठली होती आणि ती डोळ्यात उतरली. तेव्हा गावात एक बाई गेरू लावून उतरवायची. डोकं आणि शेपूट एकत्र आलं की माणूस दगावतो म्हणायचे. तू घाबरू नकोस, पण नागीण असेल तर वेळेत बघ.

नेत्रांजन
मी बुबुळाचे आजार बघणारा डॉक्टर, निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. डोळा न तपासता इथून उपचार सांगणार नाही, पण शेवंताताईंच्या प्रश्नांना नीट उत्तर मिळायला हवं म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मावशीबाईंसाठी. नागीण वेगळी. ती कांजण्यांच्या विषाणूमुळे होते आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच होते. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा तपासून घ्यायलाच हवा, हे मात्र तुमचं बरोबर. डोकं-शेपटीची भीती मनातून काढून टाका. शेवंताताईंचा आजार त्या विषाणूच्या चुलत भावाचा, हर्पिस सिम्प्लेक्सचा. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात ना, तोच हा. तो बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत, कानाच्या पुढे कवटीच्या आत, जन्मभर दडून राहतो. अधूनमधून जागा होतो आणि त्याच मज्जातंतूवरून खाली उतरतो. ओठाच्या फांदीवर उतरला तर ओठावर फोड, डोळ्याच्या फांदीवर उतरला तर बुबुळावर जखम. बुबुळ म्हणजे इथे कॉर्निया, समोरची पारदर्शक काच.

आता औषध. असायक्लोव्हिर शरीरात येतं ते झोपलेल्या अवस्थेत. त्याला जागं करण्याची पहिली पायरी विषाणूचंच एक विकर (एन्झाइम) करतं, थायमिडीन कायनेज नावाचं. पुढच्या दोन पायऱ्या आपली पेशी पार पाडते. जागं झालेलं औषध विषाणूच्या डीएनएच्या साखळीत कडी बनून बसतं, पण या कडीला पुढची कडी अडकवायला आकडाच नसतो. साखळी तिथे तुटते. चोराच्याच हातून कुलूप लावून घ्यायचं, असा हा प्रकार. म्हणून निरोगी पेशींना या औषधाचा त्रास इतका कमी. जिथे विषाणू नाही तिथे ते जागंच होत नाही.

सरावणं म्हणजे काय, तर विषाणू ते कुलूप लावणारा हातच टाकून देतो. थायमिडीन कायनेज बनवणाऱ्या जनुकात एका ठिकाणी एकच अक्षर ओळीने सात वेळा येतं. नक्कल करताना तिथे एखादं जास्त किंवा कमी पडलं की पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि विकर बनत नाही. औषधाला दाद न देणाऱ्या बहुतेक विषाणूंमध्ये बिघाड याच जनुकात सापडतो. थोड्या विषाणूंमध्ये तो डीएनए रचणाऱ्या विकरात असतो.

आणि एक गोष्ट तुमच्या रात्रीच्या झोपेसाठी. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसांत ओठावरच्या वगैरे हर्पिसमध्ये असा विषाणू शंभरात एकालाही सापडत नाही. किडनी किंवा अस्थिमज्जा रोपण झालेल्यांत, एचआयव्ही असलेल्यांत त्याच्या कितीतरी पट जास्त. डोळ्याचा हिशेब जरा वेगळा आहे, त्यावर नंतर लिहितो. आत्ता ओपीडी आहे.

उसाचा_फड
डॉक्टरांनी छान समजावलं. मी माझी गोष्ट सांगतो, ताईंना उपयोगी पडेल.

आमचा ऊस. तीन वर्षांपूर्वी तोडणीच्या वेळी पात डोळ्यावर सपकन लागली. दोन दिवसांनी डोळा लाल. तालुक्याला दाखवलं, हर्पिस सांगितला, मलम सुरू. महिनाभर मलम घालतोय आणि जखम वाढतेय. तेव्हा मलाही हेच सांगितलं की औषध लागू पडत नाही, आता भारी औषध बघू. शेवटी पुतण्याने मोटरसायकलवर बसवून जिल्ह्याला नेलं. तिथल्या मॅडमनी थेंब टाकून डोळा बधिर केला, बारीक पात्याने जखमेची कड खरवडली, काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि मलाही दाखवली. बुरशीचे धागे! हर्पिस नव्हताच कधी. नाटामायसिनचे थेंब दर तासाला, दीड महिना. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडलं ते पडलंच. आता त्या डोळ्याने माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही.

ताई, तुमची जखम खरवडून तपासली आहे का कोणी?

शेवंता
दादा, वाचून काळजात चर्र झालं. नाही, माझी जखम कधीच खरवडलेली नाही. २०१६ पासून प्रत्येक वेळी रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात बघतात आणि सांगतात, तोच आहे. पहिल्या वेळी डॉक्टरांनी मला फोटो दाखवला होता. हिरवीगार चमकणारी, निष्पर्ण झाडासारखी फांदी आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला बारीक गाठ. ते चित्र अजून डोळ्यांपुढे आहे.

दवापाणी
माझं २२ वर्षं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

पहिली. असायक्लोव्हिरचं डोळ्याचं मलम ३ टक्क्यांचं असतं, त्वचेचं क्रीम ५ टक्क्यांचं. खोकी सारखीच दिसतात. "तेच औषध आहे, जास्त पॉवरचं द्या" म्हणून त्वचेचं क्रीम डोळ्यात घालायला मागणारी माणसं मी पाहिली आहेत. ते डोळ्यासाठी नाही. ट्यूबवर डोळ्यात वापरायचं असं छापलेलं असेल तरच घ्या.

दुसरी. लाल डोळ्याला थेंब द्या म्हणत रोज चार-पाच माणसं येतात. बाजारात अँटिबायोटिक आणि स्टेरॉईड एकत्र असलेले थेंब ढिगाने आहेत आणि ते घातले की डोळा दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र होतो, माणूस खूश. पण आत हर्पिसची फांदी असेल तर स्टेरॉईडवर ती फोफावते. हे मला आधी माहीत नव्हतं. ज्या दिवशी एका डॉक्टरांनी दुकानात येऊन समजावलं त्या दिवसापासून चिठ्ठीशिवाय मी ते थेंब देत नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, जाऊ दे.

रोखठोक
मला एक कळत नाही. चौदा महिने रोज विषाणूचं औषध घेतलं तर विषाणू सरावणारच की. अँटिबायोटिकचं हेच झालं. आधी गोळी बंद करा. शरीराला लढू द्या. वर किडनीवर ताण पडतो तो वेगळाच.

अटकेपार
रोखठोक, थोडं थांबा. मी नेदरलँड्समध्ये राहतो, विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करतो (डोळ्यांच्या नाही, पण हा विषय जवळचा आहे). या प्रश्नावरचं महत्त्वाचं काम इथेच रॉटरडॅमला झालं आहे.

तिथल्या संशोधकांनी अनेक वर्षं बुबुळाच्या हर्पिसच्या रुग्णांच्या जखमेतून विषाणू वाढवून जपून ठेवले होते. २००८ साली त्यांनी प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या १७३ रुग्णांचे विषाणू तपासले आणि ११ जणांत असायक्लोव्हिरला दाद न देणारा विषाणू निघाला, म्हणजे ६.४ टक्के. डॉक्टरांनी वर ओठाच्या हर्पिसचा जो आकडा दिला त्यापेक्षा हा खूपच जास्त. मग २०१३ मध्ये त्यांनी पुन्हा पुन्हा आजार उठणारे १६९ रुग्ण घेतले. त्यांत असा विषाणू २६ टक्क्यांमध्ये होता आणि जे वर्षभर किंवा जास्त काळ रोजची गोळी घेत होते त्यांच्यात औषधाला न जुमानणारा आजार उठण्याचा धोका अधिक दिसला. शेवंताताईंच्या डॉक्टरांची शंका त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

पण यावरून गोळी बंद करा असं निघत नाही. हा विषाणू अँटिबायोटिकला सरावलेल्या जंतूंसारखा गावभर पसरत नाही. तो तुमच्याच मज्जातंतूच्या गाठीतला असतो. एकाच माणसाच्या गाठीत औषधाला दबणारे आणि न दबणारे दोन्ही असू शकतात. एका खेपेला एक उठतो, पुढच्या खेपेला दुसरा. कायनेज टाकून दिलेला विषाणू बहुधा लंगडा असतो, त्याला गाठीतून पुन्हा उठायला जड जातं. म्हणून एकदा औषध चाललं नाही याचा अर्थ ते आता कायमचं गेलं, असा होत नाही.

सोनचाफा
मी न्यू जर्सीत असते. आमच्या घरी हे खरोखर घडलंय, म्हणून लिहिते.

माझ्या यजमानांना उजव्या डोळ्यात अकरा वर्षांपासून. दोन वर्षं रोज व्हॅलासायक्लोव्हिर चालू असताना फांदी उठली. डोस वाढवला, उपयोग नाही. गॅन्सिक्लोव्हिरचं जेल दिलं, तरी दोन आठवडे तसंच. मग कॉर्नियाच्या डॉक्टरांनी जखम खरवडून पाठवली. विषाणू हर्पिसच निघाला आणि जनुक वाचल्यावर थायमिडीन कायनेजमध्ये बिघाड सापडला. अहवाल यायला जवळजवळ तीन आठवडे लागले.

डॉक्टर अहवालाची वाट बघत बसले नाहीत. त्यांनी ट्रायफ्लुरिडीनचे थेंब सुरू केले. हे जुनं औषध, त्याला जागं व्हायला विषाणूच्या त्या विकराची गरज नाही, आपल्या पेशीचंच चालतं. जागेपणी दर दोन तासांनी एक थेंब, दिवसात नऊपेक्षा जास्त नाही, बाटली फ्रीजमध्ये. मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाशेजारी कागद चिकटवला होता आणि प्रत्येक थेंबाला रेघ ओढायची. नवव्या दिवशी जखम बुजली. पण थेंब आपल्या पेशींनाही जाळतात, डोळा खसखस चोळल्यासारखा लाल. तीन आठवड्यांच्या वर ते घालायचे नाहीत असं बजावून सांगितलं होतं.

ताई, हे होतं. आणि त्यावर इलाजही आहे.

खारी_बिस्कीट
सोनचाफा, व्हॅलासायक्लोव्हिर आणि गॅन्सिक्लोव्हिर ही वेगळी औषधं ना? मग तीही कशी चालली नाहीत?

नेत्रांजन
परत आलो. खारी_बिस्कीट, अगदी नेमकं विचारलंत. व्हॅलासायक्लोव्हिर पोटात गेल्यावर असायक्लोव्हिरच बनतं. गॅन्सिक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर दिसायला वेगळी, पण जागं व्हायला त्यांनाही त्याच विकराचा हात लागतो. तो हात तुटला की सगळं घराणंच बाद होतं. सोनचाफाताईंच्या डॉक्टरांनी घराणं बदललं म्हणून गुण आला. फॉस्कारनेटलाही त्या विकराची गरज नाही, पण ते शिरेतून द्यावं लागतं आणि किडनीवर खरोखर भारी पडतं. ते मुख्यतः प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांसाठी राखलेलं. जपानमध्ये अमेनामेव्हिर नावाची गोळी २०१७ पासून नागिणीसाठी वापरात आहे, ती विषाणूच्या तिसऱ्याच विकराला धरते. त्या वाटेवर पुढे अजून औषधं येतील अशी मला आशा आहे.

अटकेपार यांनी सांगितलेले आकडे बरोबर आहेत आणि मी त्यांना महत्त्व देतो. आता दुसरी बाजू. अमेरिकेत १९९० च्या दशकात हर्पेटिक आय डिसीज स्टडी नावाच्या मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांतल्या एकीत ७०३ रुग्णांना वर्षभर एक तर ४०० मिलिग्रॅम असायक्लोव्हिर दिवसातून दोनदा दिलं, नाही तर तशीच दिसणारी, औषध नसलेली निव्वळ गोळी. निव्वळ गोळीवाल्यांत ३२ टक्क्यांना डोळ्यात आजार पुन्हा उठला, औषधवाल्यांत १९ टक्क्यांना. बुबुळाच्या आतल्या थरात ज्यांना पूर्वी आजार झाला होता त्यांच्यात तर आतल्या थराचा आजार पुन्हा होण्याचं प्रमाण २८ वरून १४ वर आलं. दृष्टी जाते ती मुख्यतः आतल्या थराच्या व्रणांनी, त्यामुळे हा फरक मोलाचा आहे.

म्हणून रोखठोक, तुमची शंका रास्त आहे पण सल्ला धोक्याचा. गोळी चालू असताना १९ टक्क्यांना उठतोच, म्हणजे शेवंताताईंना उठला एवढ्यावरून सरावलेला विषाणू सिद्ध होत नाही. किडनीचं म्हणाल तर वर्षातून एक-दोनदा क्रिएटिनीन तपासायचं आणि पाणी भरपूर प्यायचं. माझ्या काही रुग्णांची गोळी आठ-दहा वर्षं सुरू आहे.

आता मला खरं बोलायचंय ते. "औषध लागू पडत नाही" असं सांगून माझ्याकडे पाठवलेल्या डोळ्यांत खरा सरावलेला विषाणू फार थोड्यांत निघतो. उसाचा_फड यांच्यासारखी बुरशी निघते. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांत अकँथामिबा नावाचा पाण्यातला एकपेशीय जीव निघतो, त्याची सुरुवात हुबेहूब हर्पिसच्या फांदीसारखी दिसू शकते. कधी आजार आतल्या थरात सरकलेला असतो. तिथे विषाणूपेक्षा आपल्याच प्रतिकारशक्तीचा दाह जास्त असतो आणि विषाणूविरोधी औषधाच्या आडोशाने स्टेरॉईड द्यावं लागतं. दवापाणी घाबरतात ते योग्यच, पण तज्ज्ञाच्या हातात तेच स्टेरॉईड डोळा वाचवतं.

आणि एक कारण असं की त्यात विषाणू केव्हाच गेलेला असतो. वारंवार हर्पिस झालेल्या बुबुळाची संवेदना मरते. बधिर बुबुळाची जखम भरत नाही, कारण पेशींना जगवणारा रस त्या मज्जातंतूंतूनच येतो. वरून मलम आणि थेंब तीन-तीन आठवडे चालू राहिले की त्यांच्याच विषारी परिणामाने कोवळ्या पेशी मरतात. मग जखम भरत नाही म्हणून औषध वाढवलं जातं आणि औषध वाढवल्यामुळे जखम भरत नाही.

शेवंताताई, तुम्हाला एक विचारतो. या वेळी दुखतंय किती?

शेवंता
डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलंत आणि मी चमकले. या वेळी दुखतच नाहीये. पहिल्या वेळी वाळू गेल्यासारखं टोचायचं, रडायला यायचं. आता फक्त धूसर दिसतं आणि डोळा लाल आहे. मला वाटलं सवय झाली.

नेत्रांजन
थेंब टाकून बधिर करण्याआधी कापसाच्या बारीक धाग्याने दोन्ही बुबुळांना स्पर्श करून संवेदना तपासायला सांगा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि जखम खरवडून पीसीआरला, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला, पाठवायला सांगा. लवकर जा. स्वतःहून काहीही बंद करू नका.

हिरवा_माळ
मला तर वाटतं सगळं ताणाचं आहे. माझ्या बहिणीला ओठावर दर परीक्षेला उठायचं. शेवंताताई शिक्षिका आहेत, पेपर तपासणी, वर निवडणुकीची कामं. ताण घेऊ नका.

अटकेपार
हिरवा_माळ, डॉक्टरांनी सांगितलेल्या त्याच अभ्यासात हेही तपासलं होतं. रुग्णांना वर्षभर दर आठवड्याला ताण, ऊन, पाळी, आजारपण यांची नोंद वहीत करायला लावली. डोळ्यातल्या आजाराशी यातल्या कशाचाही संबंध सिद्ध झाला नाही. मात्र आजार उठून गेल्यावर मागाहून भरलेल्या नोंदींत ताण जास्त दिसला. माणूस दुखणं आल्यावर कारण शोधतो आणि ताण तर प्रत्येकाच्या आयुष्यात सापडतोच. हे मी मुद्दाम सांगतो, कारण "तूच ताण घेतलास" हे ऐकून आजारी माणूस स्वतःला दोष देत बसतो.

मावशीबाई
हे मात्र खरं बोललास बाबा. माझ्या जावेला सगळे हेच ऐकवायचे.

पाणकणीस
थोडं अवांतर. या औषधांचा इतिहास वाचण्यासारखा आहे. विषाणूवर औषध असूच शकत नाही, पेशीला न मारता विषाणू मारता येणार नाही, असं एकेकाळी मानलं जायचं. पहिला तडा गेला तो डोळ्यातच! विल्यम प्रुसॉफ यांनी बनवलेलं आयडॉक्सयुरिडीन कर्करोगासाठी होतं. ते हर्बर्ट कॉफमन यांनी १९६२ मध्ये बुबुळाच्या हर्पिसवर वापरून दाखवलं. पोटातून द्यायला ते फार विषारी, पण डोळ्यात थेंब टाकता येतात. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे विषाणूविरोधी औषधांची सगळी वंशावळ बुबुळापासून सुरू होते.

मग १९७० च्या दशकात असायक्लोव्हिर. ज्या प्रयोगशाळेत ते घडलं तिथल्या गर्ट्रूड एलियन यांच्याकडे पीएचडी नव्हती. बाई म्हणून सुरुवातीला प्रयोगशाळेत नोकरी मिळेना, काही काळ शाळेत शिकवलं. १९८८ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. शेवंताताई, तुमच्यासारख्याच शिक्षिका.

भटक्या
पाणकणीस, हे आमच्या मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणते आता तिला गणिताच्या बाईंशी जपून वागलं पाहिजे, न जाणो कोणाला नोबेल मिळेल.

खारी_बिस्कीट
बुबुळ बदललं तर प्रश्नच मिटेल ना? नेत्रदानाचं बुबुळ बसवलं की विषाणूही गेला.

नेत्रांजन
नाही हो. विषाणू बुबुळात मुक्कामाला नसतो, तो मागे गाठीत असतो. नवीन बुबुळावरही उतरतो. म्हणून हर्पिसच्या डोळ्यात रोपण केलं तर नंतर दीर्घकाळ गोळी द्यावी लागते आणि डोळा बरेच महिने शांत असल्याशिवाय सहसा रोपण करत नाहीत. उसाचा_फड, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमचा डोळा आता शांत असेल तर फुलासाठी रोपणाचा विचार जरूर करा. मिरज, पुण्याकडे एकदा दाखवा.

उसाचा_फड
गळीत हंगाम उरकला की जातो, डॉक्टर. खरंच जातो. आणि आता तोडणीला टोळीतल्या प्रत्येकाला मी साधा प्लास्टिकचा चष्मा देतो. आधी हसायचे, आता मागून घेतात.

शेवंता
तीन आठवड्यांनी लिहितेय. मुद्दाम थांबले, अहवाल हातात येऊ दे म्हटलं.

इथल्या चर्चेतून प्रश्न कागदावर उतरवून पुण्याला बुबुळाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद पूर्ण वाचला. मग हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, कापसाचा धागा वळून बारीक केला आणि उजव्या बुबुळाला लावला. मी दचकून मागे झाले. मग म्हणाल्या, आता डावा. मी वाट बघत राहिले. विचारलं, "लावताय ना?" त्या म्हणाल्या, "तीनदा लावला." माझे मिस्टर शेजारी उभे होते, त्यांना तो धागा बुबुळावर टेकलेला दिसत होता. मला काहीच कळलं नव्हतं. त्या क्षणी पोटात खड्डा पडला.

निळ्या उजेडात फोटो काढला. या वेळी फांदी नव्हतीच. लंबगोल, गुळगुळीत कडांची जखम, कडा जरा दुमडल्यासारख्या. पहिल्या फोटोशी काही साम्य नाही. खरवडून पाठवलं. बुरशी नाही, अकँथामिबा नाही, पीसीआरमध्ये हर्पिसही नाही. म्हणजे सुरुवातीला हर्पिस उठला असेल, तो औषधाने गेलाही असेल, पण मागे राहिलेली बधिर जखम भरत नव्हती आणि आम्ही तिच्यावर मलम लेपत होतो.

डॉक्टरांनी मलम थांबवलं. प्रिझर्वेटिव्ह नसलेले अश्रूंसारखे थेंब आणि माझ्याच रक्तातून बनवलेले सिरमचे थेंब दिले. बाहेरच्या बाजूने पापण्यांना टाके घालून डोळा एक तृतीयांश मिटवला, म्हणजे बुबुळ झाकलेलं आणि ओलं राहील. ऐकून घाबरले होते, पण दहा मिनिटांत झालं. गोळी परत सकाळ-संध्याकाळ ४०० वर आणली, बंद नाही केली. क्रिएटिनीन ०.८ आलं.

सरावलेल्या विषाणूचं विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या बाबतीत तसा पुरावा नाही, पण शक्यता मी मनातून काढलेली नाही. पुढे कधी फांदी उठली तर मलम सुरू करायच्या आधी माझ्याकडे या, पहिल्याच दिवशी खरवडून ठेवू. पूर्ण डोसवर आठवडाभरात जखम आकसली नाही तर घराणं बदलू. सोनचाफाताई, तुमचाच शब्द त्यांच्या तोंडी आला म्हणून हसू आलं. (शब्द नेत्रांजन सरांचा होता, आत्ता वर जाऊन पाहिलं.)

आज सोळावा दिवस. जखम तांदळाच्या दाण्याएवढी होती, आता मोहरीएवढी उरली आहे.

रोखठोक
शेवंताताई, मी गोळी बंद करा म्हणालो होतो. चूक झाली. तुम्ही ऐकलं नाहीत हे फार बरं केलंत.

सोनचाफा
मोहरीएवढी! आज इकडे मी देवापुढे दिवा लावताना तुमचं नाव घेईन.

मावशीबाई
शेवंता, डोळा अर्धा मिटलेला असताना शाळेत जातेस की काय? मुलं काय म्हणतात?

शेवंता
जाते मावशी, सोमवारपासून. मुलं पहिल्या दिवशी गप्पच होती. मग एकाने विचारलं, बाई दुखतं का? म्हटलं, नाही रे, दुखत नाही हीच तर अडचण होती. त्यांना कळलं नाही, तेव्हा फळ्यावर डोळ्याची आकृती काढली आणि मज्जातंतू कुठून कुठे जातो ते दाखवलं. तास संपला तरी कोणी उठेना.

नेत्रांजन
ताई, टाके काढायची घाई करू नका. जखम बुजली तरी दोन-तीन महिने राहू द्या. शाळेतून येताना स्कूटरवर वारा लागतो, तेव्हा बाजूने झाकलेला चष्मा घाला. आणि तो बधिर डोळा रोज सकाळी आरशात बघा. लाली किंवा पांढरा ठिपका दिसला तर दुखायची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.